कचेरी सायडिंगला गेली तेव्हा

कचेरी आमच्या शेतावरून गेली त्या दिवशी माझ्या बायकोला कपड्यांची दोरी सोडावी लागली. दोन मजली लाकडी घर, वर धुराडं, धुराड्यातून धूर येतोय, आणि ते घर गवतावरून हळूहळू आमच्याकडे चालत येतंय. मुलं आ वासून उभी. कोंबड्या कुंपणाखालून पळाल्या. आणि ही बाई ओले कपडे हातावर टाकून मला ओरडून विचारते, "एलोफ, चार हात पलीकडून न्यायला काय झालं होतं?"

मी बैलांच्या पुढे होतो. मागे वळून बघितलं की दर वेळी तेच दिसायचं. बैलांच्या जोड्यांमागे जोड्या, त्यांच्यामागे साखळ्या, आणि साखळ्यांच्या टोकाला दोन अख्ख्या खोडांवर बसवलेली कचेरी. खोडांखाली घरंगळणारे लाकडाचे गोल रूळ. मागून सुटलेला रूळ उचलायचा, पुढे नेऊन टाकायचा, दिवसभर तेच. आत काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, कारकून ॲल्व्हा फिच शेगडी पेटवून आपल्या टेबलाशी बसलेले. काम बंद ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं नव्हतं. वाटेत एक तरणा गडी घोड्यावरून आला, चालत्या पायरीवर उडी मारून आत गेला, आणि लग्नाचा परवाना खिशात घालून पुढच्या ओढ्याशी खाली उतरला.

ते घर बैलांनी हलवलं नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं कळत होतं. बैल आमच्याकडे वर्षानुवर्षं होते, पण कचेरी जागची हलली नव्हती. ती हलवली कागदावरच्या सह्यांनी आणि फुल्यांनी. त्यातली एक फुली माझी.

आमच्या काउंटीचं ठाणं, म्हणजे कचेरीचं गाव, आधी एल्मग्रोव्हला होतं. मग रेल्वे आली ती एल्मग्रोव्हला बगल देऊन, दहा-बारा मैल उत्तरेकडून. गाडी बाजूला घ्यायला तिथे जास्तीचा रूळ टाकला, त्या रुळाभोवती दुकानं उभी राहिली, आणि गावाचं नावच सायडिंग पडलं. दोन वर्षांत सायडिंगचे लोक म्हणायला लागले, कचेरी इकडे आणा. त्याची रीत कायद्यात लिहिलेली होती. आधी मतदारांपैकी पाचातल्या तिघांनी पंचांकडे अर्ज करायचा. मग सगळ्या काउंटीचा कौल घ्यायचा, आणि तिथेही पाचातल्या तिघांनी हो म्हणायला हवं.

अर्ज घेऊन सायडिंगचा माणूस शेतोशेत फिरला. मागोमाग एल्मग्रोव्हचा माणूस उलटा अर्ज घेऊन फिरला. आमच्या ओढ्याकाठी सगळे स्वीडनचे नाहीतर बोहेमियाचे. थंडीतून आलेल्या माणसाला कॉफी पाजायची, खसखशीची गोड पोळी खायला घालायची आणि तो मागेल ते द्यायचं, ही आमची रीत. सायडिंगच्या माणसाने सही मागितली, दिली. आठवड्याने एल्मग्रोव्हच्याने मागितली, त्यालाही दिली. पंचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा निम्म्या ओढाकाठाला कचेरी हलवायलाही हवी होती आणि जागेवरही हवी होती.

"या लोकांना कचेरी चाकांवर हवी आहे की काय?" मोठे पंच म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले.

दोन्ही कागद परत आले. पुन्हा विचारायला आले तेव्हा मात्र कुणी लगेच लेखणी धरली नाही. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. मग गहू रेल्वेपर्यंत न्यायचे हाल आठवून सायडिंगच्या बाजूने फुली मारली.

शरदात कौल झाला. मतपत्रिकेवर स्पष्ट छापलं होतं: एक डिसेंबरपासून काउंटीचं ठाणं सायडिंगच्या मोठ्या चौकात. पाचातल्या तिघांनी हो म्हटलं, अगदी काठावर.

निकाल लागला त्या संध्याकाळी ओबेद पर्डी आपल्या हॉटेलच्या ओट्यावर उभा राहिला. एल्मग्रोव्हमधलं ते एकच हॉटेल. कोर्टाच्या दिवशी ते भरायचं आणि बाकीच्या दिवशी कोर्टाच्या दिवसाची वाट बघायचं. मोठा देह, मोठा आवाज. सगळी काउंटी त्याला ओबेदकाका म्हणायची.

"ऐका रे!" तो गरजला. "सायडिंगच्या मातीला माझा पाय लागला तर तो पाय मी माझ्या हाताने कुऱ्हाडीने तोडीन. एलोफ, तू ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो. "सगळ्या बैलांनीपण ऐकलं."

तो हसला नाही.

आता आपोलेना स्कालिकचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आपोलेना माझी शेजारीण, बोहेमियाची. ती आणि तिचा नवरा माझ्याच वर्षी इथे आले. सरकारी जमीन घेतली, मातीच्या ढेपांचं घर बांधलं. तिसऱ्या वर्षी नवरा विहीर खणताना आत गाडला गेला. तिने जमीन सोडली नाही. जमीन आपली व्हायची तर तिच्यावर राहायचं, ती कसायची, आणि सात वर्षांच्या आत दोन साक्षीदार घेऊन ठाण्याला जायचं, शपथेवर सांगायचं. साक्षीदारांची चार नावं आधी वर्तमानपत्रात छापावी लागायची. तिच्या चारांपैकी एक वारला, एक दूर पश्चिमेला ओरेगॉनला निघून गेला. उरलो मी आणि ओबेद. गव्हाने दोनदा दगा दिला, एकदा ती तापाने पडली, आणि असं होता होता तिचा दिवस शेवटच्या टोकाला आला. एक डिसेंबर, सूर्यास्तापर्यंत.

त्या दिवशी तिला जमलं नाही तर जमीन घ्यायला मार्कस रड तयारच होता. त्याची गुरं पलीकडे चरायची आणि तिच्या हद्दीतल्या पाण्यावर त्याचा डोळा होता. आपला अर्ज त्याने लिहूनच ठेवला होता.

हिशेबाने कचेरी नोव्हेंबर संपायच्या आत चौकात बसायला हवी होती. पण शेवटच्या आठवड्यात थंडी अचानक ओसरली. गोठलेली जमीन वरून मऊ झाली. आणि सायडिंग नजरेच्या टप्प्यात आलेलं असताना एका ओघळीत बर्फ फुटला, उजवं खोड चिखलात शिरलं आणि कचेरी एका अंगावर कलली. आम्ही बैल जुंपले, सोडले, पुन्हा जुंपले. ती तसूभर हलली नाही.

एक डिसेंबरला सकाळपासून एल्मग्रोव्हचे लोक गाड्या जोडून बघायला आले. ओघळीच्या काठावर ओळीने बसले, पाइप पेटवले.

"काय रे एलोफ, कचेरीला तहान लागली का?"

"नाही, ती घरी परत जायचं म्हणतेय! रुसलीय!"

ओबेद त्यांच्यात होता, आपल्या ज्युनो नावाच्या घोडीवर. धुराड्यातून अजून धूर येत होता, तिकडे तो एकटक बघत होता.

दुपार कलताना आपोलेना आली. काळा रुमाल डोक्याला बांधलेला, हातात टोपली. चालत आली होती. मी बैल सोडून तिच्याबरोबर तिरक्या पायऱ्यांवरून वर गेलो. आत फिचसाहेब टेबल धरून बसले होते, दौत दोरीने बांधलेली. आणि दाराशी मार्कस रड.

"मिसेस स्कालिक, बसा," फिचसाहेब म्हणाले. "खुर्ची घसरेल, जरा धरून बसा."

"बसायला नाही आले, साहेब. शपथ घ्यायला आलेय. हा एलोफ आहे, आणि ओबेदकाका बाहेर आहेत."

रड म्हणाला, "घेऊ दे की शपथ. मी उद्या वरच्या कोर्टात एवढंच विचारीन, ही शपथ कुठल्या गावात झाली?"

फिचसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना रड आवडत नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ते म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. माझ्या शपथेला जोर आहे तो ठाण्याच्या जागी. कालपर्यंत ती जागा एल्मग्रोव्ह होती. आजपासून सायडिंगचा मोठा चौक. लोकांनी तसा कौल दिलाय. इथे, या ओघळीत, मी तिरक्या खोलीत बसलेला एक म्हातारा आहे, बस."

"मग आता?" आपोलेनाचा आवाज अगदी बारीक झाला. "घर इथे अडकलंय, तर मी कुठे जाऊ?"

म्हातारा टेबल धरून उठला. मग तिजोरीपाशी गेला आणि काउंटीची मोहर बाहेर काढली.

"घर अडकलंय," तो म्हणाला. "चौक तर जागेवर आहे ना?"

मोहर, बायबल, कागद आणि दौत आम्ही टोपलीत घातली, गोड पोळ्यांच्या शेजारी. बाहेर आलो. काठावरची थट्टा बंद झाली होती, कारण आतलं बोलणं उघड्या दारातून सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे ओबेदकडे बघत होते. आपोलेना त्याच्या घोडीपाशी थांबली.

"ओबेदकाका, तुमची शपथ मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी काही मागत नाही."

आणि ती फिचसाहेबांबरोबर माझ्या गाडीत चढून बसली. ओबेदचा चेहरा लाल झाला होता. तो घोडीच्या आयाळीत बोटं घालून बसून राहिला. आम्ही निघालो तरी तो तिथेच होता. रड आमच्या बाजूने घोडा चालवत होता, शीळ घालत.

सायडिंगच्या चौकात काहीच नव्हतं. पायासाठी खणलेला चर, चार कोपऱ्यांना चार दगड. दुपारच्या उन्हाने माती ओली झालेली. आणि आम्ही पोचलो तेवढ्यात वारा फिरला. उत्तरेचा वारा आमच्याकडे येतो तो दार लोटून आल्यासारखा येतो. क्षणात कान बधिर झाले.

दुकानदार धावत आला. "साहेब, माझ्या दुकानात चला. आत शेगडी आहे."

"लोकांनी चौकाला मत दिलंय, दुकानाला नाही," फिचसाहेब म्हणाले. त्यांनी एक पिंप मागवलं, चार दगडांच्या मधोमध उभं केलं, त्यावर कागद ठेवला. कागद उडाला. मी धावत जाऊन पकडला. दौतीखाली मेणबत्ती लावली, ती विझली. शाईवर साय धरावी तसा बर्फ धरायला लागला. रड हाताची घडी घालून उभा होता आणि सूर्याकडे बघत होता.

पहिल्यांदा दुकानदाराची बायको आली. तिने काही विचारलं नाही. चराच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे भिंत यायची होती अगदी तिथे, ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि शाल पसरली. तिच्या शेजारी स्टेशनमास्तरची आई. मग ओघळीवरून मागोमाग आलेले माझे बैलवाले. मग दुकानांतून, तबेल्यातून माणसं येत गेली आणि चराच्या रेषेवर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मागून गाड्यांचा खडखडाट आला. एल्मग्रोव्हचे लोक होते, सकाळपासून आम्हाला हसणारे. त्यांनी गाड्या सोडल्या, पाइप खिशात घातले आणि पूर्वेची भिंत झाले. ज्यांनी हो म्हटलं होतं आणि ज्यांनी नाही म्हटलं होतं, ते आता एकाच रेषेत उभे होते.

आत वारा थांबला. मेणबत्तीची ज्योत सरळ झाली.

"दार सोडा," फिचसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कचेरीला दार लागतं, आणि ते उघडं लागतं."

दक्षिणेकडची माणसं बाजूला सरली. दार झालं.

मी आयुष्यात पुढे मोठ्या इमारती पाहिल्या, घुमटाच्या, संगमरवराच्या. पण त्या दिवशी त्या दारातून आत जाताना मी टोपी काढली, तशी पुन्हा कुठे आपोआप निघाली नाही.

माझी साक्ष झाली. घर आहे का? आहे. खिडकी? एक, दक्षिणेला. जमीन नांगरली? नांगरली, मी पाहिली. मग फिचसाहेबांनी दाराकडे तोंड करून हाक दिली, "ओबेद पर्डी!"

कुणी नाही.

"ओबेद पर्डी!"

सगळे वळून दक्षिणेच्या माळाकडे बघत होते. आपोलेना मात्र जमिनीकडे. रडने खिशातून आपला अर्ज काढला आणि घडी उलगडली.

तिसरी हाक द्यायला फिचसाहेबांनी श्वास घेतला आणि टापा ऐकू आल्या. ज्युनो फेसाळलेली होती. ओबेद थांबला नाही. सरळ दारातून घोडीसकट आत आला आणि पिंपापाशी येऊन उभा राहिला.

"हजर," तो म्हणाला.

"घोड्यावरून?" रड ओरडला. "साहेब, हे कोर्ट आहे की तबेला?"

"साक्षीदाराने हात पुस्तकावर ठेवायचा असतो," फिचसाहेब म्हणाले. "पाय कुठे ठेवायचे ते कायद्यात नाही. एलोफ, बायबल वर धर."

मी धरलं. ओबेदने वाकून हात ठेवला. भिंतीतून कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

मग रडने आपला डाव टाकला. "विचारा त्याला, नवरा मेल्यावरच्या हिवाळ्यात ही बाई कुठे होती? याच्याच हॉटेलात भांडी घासत होती. जमिनीवर राहत नव्हती."

भिंतीतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. कारण ती भांडी घासत होती हे खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

ओबेदने घोडीचा लगाम आवळला. बोलला तेव्हा मोठ्या आवाजात नाही. "घासत होती. मी तिला सांगितलं, पोरी, वरच्या खोलीत झोप, बर्फ पडतोय. एकदा झोपली नाही. काम संपलं की रुमाल बांधायची आणि चालायला लागायची. माझ्या वरच्या खिडकीतून तिचा उतार दिसतो. तिच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत मी उभा राहायचो. तो लागला नाही असं एकदाही झालं नाही. शपथेवर सांगतो."

आपोलेनाने पहिल्यांदा वर बघितलं. तो खिडकीत उभा राहायचा हे तिला माहीत नव्हतं.

"लिहिलं," फिचसाहेब म्हणाले. "मिसेस स्कालिक, इथे सही."

सूर्य गवताला टेकला होता. आपोलेनाने लेखणी घेतली. तेवढ्यात कुणाची तरी शाल फडफडली आणि ज्युनो बिथरली. मागे मागे सरत ती उत्तरेच्या भिंतीवर गेली. माणसं बाजूला झाली, भिंतीला खिंडार पडलं आणि वारा आत घुसला. मेणबत्ती गेली. कागद अर्धा उचलला गेला, आपोलेनाने त्यावर कोपर दाबलं.

आणि ओबेद खाली उतरला.

त्याने घोडीला थाप मारून दारातून बाहेर काढलं, खिंडारापाशी गेला, कोटाची बटणं सोडली, कोट दोन्ही हातांनी पसरला आणि वाऱ्याकडे पाठ करून त्या जागेत उभा राहिला. ती जागा बरोबर त्याच्याच मापाची होती. दोनशे मैलांवरून आलेला तो वारा त्या माणसाच्या पाठीवर येऊन थांबला.

मी काडी ओढली. गोठलेली शाई सुटली. आपोलेनाने आपल्या भाषेतल्या वळणाने नाव लिहिलं, शेवटच्या अक्षरावर जरा जास्त वेळ थांबली. मी माझी फुली मारली. ओबेदची सही फिचसाहेबांनी पिंपावरून कागद उचलून त्याच्यापाशी नेऊन घेतली, भिंत मोडू नये म्हणून. मग मोहर उमटली. त्यानंतर सूर्य गेला.

रडने कागदाची घडी घातली. तो कुठूनही बाहेर जाऊ शकला असता. वाट अडवणारी शेवटी माणसंच होती. पण तो वळसा घालून दारातूनच बाहेर गेला, आणि जाताना त्यानेही टोपी काढली होती. मी स्वतः पाहिलं.

मग भिंती सुटल्या आणि पुन्हा नुसती माणसं झाली. हात चोळायला लागली, बोलायला लागली. आपोलेनाने टोपलीतल्या पोळ्या वाटल्या. मग ती ओबेदपाशी गेली. त्याच्या कोटाची बटणं गारठलेल्या बोटांनी त्याला लागेनात, ती तिने एकेक करून लावली.

"ओबेद," मी म्हणालो, "कुऱ्हाड आणू का?"

त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. "उद्या आण," तो म्हणाला. "आज घोडीवर चढायला लागेल तो."

पुढच्या आठवड्यात कडक थंडी पडली, ओघळ गोठली आणि कचेरी चौकात आली. ती खाली बसवायच्या आधी मी कंदील घेऊन तिच्याखाली वाकून बघितलं. त्या दिवशीची ओली माती त्याच संध्याकाळी गोठली होती, आणि सगळ्यांची पावलं तिच्यात तशीच होती. चराच्या चारही बाजूंनी ओळीने, टाचा बाहेर, बोटं आत. बायकांचे लहान बूट, माझ्या बैलवाल्यांचे खिळ्यांचे. दक्षिणेला दाराएवढी मोकळी जागा. उत्तरेला मध्यावर दोन मोठे ठसे इतरांपेक्षा खोल, उजव्या टाचेला झिजलेले.

"एलोफ, सोडू का?" वरून गडी ओरडला. "जागा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "सोड. पण हळू."